चुळबुळ्या फिटर आणि भिंगरीची चाचणी

पंपदुरुस्तीच्या कारखान्यात त्याला सगळे चुळबुळ्या म्हणत. नाव फोरमननं ठेवलं, आणि ते असं चिकटलं की गेटवरचा रखवालदारही त्याच नावानं हाक मारायचा. नाव खोटं नव्हतं. हा माणूस जेवताना उभा राहायचा, चहा पिताना चालायचा आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण सैल आहे का ते बघायचा. पण एकदा हात कामावर पडला की दगडासारखा स्थिर. शाफ्टवर बेअरिंग चढवताना त्याचा श्वासही ऐकू येत नसे. चुळबुळ सगळी दोन कामांच्या मधली.

कष्टाच्या बाबतीत तो कडक होता. दुरुस्त झालेला पंप चाचणीच्या ओट्यावर चढायचा. तिथं तपासनीस दाब बघायचा, गळती बघायचा, आवाज ऐकायचा. बाकीचे फिटर पंप जोडला की सरळ ओट्यावर ढकलत आणि देवाचं नाव घेत. हा तसं करत नसे. आधी आपल्या कोपऱ्यात पंप चालवायचा, थांबवायचा, नट जरासा आवळायचा, परत चालवायचा. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथं पाणी अडवायला दोरीचे वेढे कोंबलेले असतात. नवी दोरी बसायला वेळ घेते. सैल सोडली तर पाणी उडतं, फार आवळली तर दोरी जळते आणि शाफ्टला चरे पाडते. थेंब थेंब पाणी गळायला लागलं की बसली. या सगळ्याला तो ‘फिरवून घेणं’ म्हणायचा.

“फिरवून घेतल्याशिवाय माझा पंप ओट्यावर चढणार नाही,” असं तो साहेबालाही सांगायचा. आणि त्याचा पंप कधी परत आला नव्हता.

हीच सवय त्याच्या अंगाशी आली, आणि तीही पोटच्या पोरीच्या बाबतीत.

त्याची बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. वाफेची जड इस्त्री आणि पाळीभर उभं राहणं. तिचे डोळे कोरडे पडत, वाळू गेल्यासारखे खुपत. तोंड सुकायचं. वाफेनं होत असणार, असं ती धरून चालली. शेजारच्या टेबलावरच्या बायकाही तेच म्हणायच्या, त्यांचेही डोळे खुपायचेच. त्यामुळे कुणाला दाखवायचं सुचलं नाही.

पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करणारी मुलगी पडद्याकडे बघता बघता गप्प झाली. आधी ती बडबडत होती, हा पाय, हा हात. मग बोलणं आटलं. ती उठून कुणाला तरी बोलवायला गेली. चुळबुळ्यानं तेवढ्यात खोलीतल्या पंख्याचा बोल्ट सैल असल्याचं शोधून काढलं होतं. बायको म्हणाली, “अहो, बसा ना जरा.” तो बसला आणि परत उठला.

बाळाच्या हृदयाचे ठोके मध्येच सुटत होते. रक्त तपासलं. मग हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. बाई तोलून मापून बोलणाऱ्या होत्या.

“आजाराशी लढायला आपलं शरीर प्रतिपिंडं तयार करतं. पहारेकरी म्हणा. तुमच्या रक्तातले काही पहारेकरी घरच्याच माणसांवर उठलेत. तुमचे डोळे कोरडे पडतात ना? ते वाफेनं नाही, यांच्यामुळे. तुम्हाला त्यांनी तेवढ्यावर सोडलं. पण नाळेतून ते बाळाकडे गेलेत. हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे ठोक्याचा निरोप नेणारी एक वाट असते. तिथं त्यांनी सूज आणलीय. निरोप कधी पोचतो, कधी अडकतो.”

“वाट पूर्ण बंद पडली तर?” बायकोनं विचारलं.

“तर ती परत उघडत नाही. जन्मल्यावर ठोके देणारं यंत्र बसवावं लागतं. काही बाळं तिथवर पोचत नाहीत.”

“मग उपाय?”

“एक स्टिरॉइड आहे, नाळ ओलांडून बाळापर्यंत जाणारं. वाट अर्धवट बंद असताना दिलं तर कधी कधी उपयोग होतो. हमी नाही. बाळ लहान राहू शकतं. भोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. तुमची साखर वाढेल, झोप उडेल. आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीचं म्हणाल, तर त्यावर अजून एकमत नाही. काही अभ्यासांत काहीच फरक दिसत नाही, काहींत थोडा दिसतो. मी तुम्हाला—”

“द्या,” चुळबुळ्या म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडं होतं, काही विचारायचं राहिलं होतं. ते तिनं गिळलं आणि मान हलवली.

गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला, साखर वाढली, आणि झोप अशी गेली की पहाटे उठून ती भांड्यांची मांडणी बदलत बसायची. कारखान्यात त्यानं सांगितलं, “घरात आता दोन चुळबुळे झालेत.” सगळे हसले. तो हसला नाही. पण ठोके सुटायचे थांबले. निरोप उशिरा का होईना, पोचायला लागला. मुलगी वेळेच्या आधी आली, ओंजळीत मावेल एवढी. यंत्र लागलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाकडे लक्ष ठेवू. वाढीकडेही. बसणं, चालणं, बोलणं, शिकणं, सगळं बघत राहू.

बघत राहू म्हणजे काय, हे बाईंना एका अर्थानं ठाऊक होतं आणि चुळबुळ्यानं दुसऱ्या अर्थानं घेतलं. तो पोरीकडे डोळ्यांत तेल घालून बघायला लागला. ती पालथी पडली की शेजारचं पोर कधी पडलं होतं, याची चौकशी. ती बोलली की शब्द बरोबर आले का. पोर चालायला लागली ती थेट पळायलाच लागली. पायाला भिंगरी, म्हणून नावही भिंगरी पडलं. एका जागी टिकायची नाही. चित्र अर्धं सोडून खिडकीत, खिडकीतून पलंगाखाली, तिथून नळावर.

“औषधानं झालं असेल का हो?” बायको विचारायची.

“आगाऊ आहे, एवढंच,” तो म्हणायचा. पण विचार डोक्यात भुंग्यासारखा फिरायचा. ‘द्या’ म्हणणारा तोच होता.

फोरमनला त्यानं एकदा हे सांगितलं. फोरमननं त्याला वरून खालपर्यंत बघितलं. “स्वतःकडे बघ की लेका. तू या खुर्चीवर बसल्यापासून तीन कुशी बदलल्यास. पोरगी तुझ्यावर गेली नसती तर मी तुझ्या बायकोला विचारलं असतं.”

“फोरमन!”

“अरे हस की. औषधाला कशाला नावं ठेवतोस? बाप पुरे आहे.”

यानंही त्याला चैन पडलं नाही. बापावर गेली की औषधावर गेली, हे सांगणार कोण?

भिंगरी शाळेत जायला लागली आणि बायकोला पुन्हा दिवस गेले. ठरवून नव्हे. या वेळी वैऱ्याचा पत्ता आधीच माहीत होता. सुरुवातीपासून तिला दुसरी एक गोळी चालू केली, धोका कमी करणारी. कमी करणारी, संपवणारी नव्हे, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. पाचव्या महिन्याच्या आसपास दर आठवड्याला ठोके बघायचे होते.

बायकोनं घरी येऊन चप्पल काढायच्या आधी विषय काढला.

“मला भिंगरीची ती वाढीची चाचणी करून घ्यायचीय. आपण दोनदा टाळली.”

“आता कशाला? आधीच डोक्याला काय कमी ताप आहे?”

“आताच. परत ठोके सुटायला लागले तर परत तीच गोळी. मागच्या वेळी मला काही माहीत नव्हतं. या वेळी मला कळलं पाहिजे, त्या गोळीनं माझ्या पोरीचं काय केलं. केलं असलं तर किती. मग मी ठरवीन.”

“डॉक्टरीण म्हणाल्या ना, एकीवरून दुसऱ्याचं सांगता येत नाही.”

“त्यांना येत नसेल. मला घर चालवायचंय. मला बघायचंय.”

चाचणीची तारीख मिळाली ती काही आठवडे पुढची. तारीख घ्यायला तो भिंगरीला घेऊन इस्पितळात गेला. बाकावर बसवलं, ती उठली. परत बसवलं, परत उठली. तिच्या मागे फिरता फिरता तो एका दारापाशी आला. दाराला काच होती. काच नसती तर पुढचं काही घडलं नसतं. आत चाचणीच्या बाई दुसऱ्या एका मुलासमोर बसल्या होत्या. टेबलावर ठोकळे. मुलानं मनोरा रचला, मग पूल. मग छिद्रांच्या फळीत खुंट्या बसवल्या. मग बाईंनी चित्रांच्या पट्ट्या मांडल्या, क्रमानं लावायच्या. मग मूल एका पायावर उभं राहिलं.

चुळबुळ्या काचेला नाक लावून उभा. त्याची चुळबुळ थांबली होती. म्हणजे काम सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं सागाचा तुकडा घेऊन ठोकळे कापले. कोपरे घासून सरळ केले, गुण्या लावून बघितले. फळीला भोकं पाडली, खुंट्या लेथवर कातल्या. जुन्या मासिकांतली चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली. फोरमननं विचारलं, “काय रे, खेळण्यांचं दुकान काढतोस?” तो म्हणाला, “पोरीसाठी.” यात काही खोटं नव्हतं.

बायकोची दुपारची पाळी असायची. तो सकाळच्या पाळीवरून परतला की घरात दोघंच. मग सुरू. मनोरा. पाड. पुन्हा मनोरा. आता पूल. खुंट्या. चित्रं. एक पाय. भिंगरी पळायची, तो उचलून परत आणायचा. रागावायचा नाही. पंपावर कधी रागावलाय का? जरासं आवळायचं, चालवायचं, थांबवायचं. बरोबर झालं की तो तिला खांद्यावर घेऊन खोलीभर धावायचा, आणि ती खिदळायची. चूक झाली की नुसतं, “परत.” हळूहळू हात बसला. तिचा मनोरा झरझर चढायला लागला. पूल तर ती न बघताच जुळवायची.

त्यालाही बरं वाटायला लागलं. बघ, म्हणायचा मनाशी, काय झालंय पोरीला? काही नाही. अगदी ठणठणीत.

बायको येण्याआधी सामान खोक्यात जायचं. लपवायचं म्हणून नव्हे, असं तो स्वतःला सांगायचा. पसारा नको म्हणून.

चाचणीच्या दिवशी बायकोनं रजा टाकली. खोलीत ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, पोटावर हात ठेवून. तो दारापाशी उभा. चाचणीच्या बाई मध्यम वयाच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. त्यांनी ठोकळे टेबलावर ओतले.

“भिंगरी ना तू? हे बघ, आपण—”

मनोरा उभा राहिला. बाईंचं वाक्य अर्धंच होतं.

“अरे वा! आता मी एक—”

पूल झाला. बाईंनी भुवया वर केल्या. भिंगरीनं खुंट्यांची फळी स्वतःच ओढून घेतली आणि खुंट्या ठोकल्यासारख्या बसवल्या. मग उठून टेबलाशेजारी एका पायावर उभी राहिली, हात पसरून, बापाकडे बघत.

“मी अजून सांगितलं नाही गं राणी,” बाई हसत म्हणाल्या.

“मला माहितेय. आता पाय आहे. मग चित्रं.” एका पायावर डुलत ती म्हणाली. “तुझे ठोकळे चांगले नाहीत. कोपरे गोल झालेत. आमचे बाबानं मशीनवर केलेत.”

बाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि चुळबुळ्याकडे बघितलं. कोपऱ्यातून बायकोही बघत होती.

“घरी सराव करून घेतलात?”

“थोडी फिरवून घेतली,” तो म्हणाला.

“काय घेतली?”

मग त्यानं समजावलं. ओटा, दोरी, नट, थेंब. सांगताना त्याच्या आवाजात नेहमीचा कडकपणा आला. तयारीशिवाय माल पुढे पाठवणारा माणूस तो नव्हता. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“पंप फिरवला की पंप सुधारतो,” त्या म्हणाल्या. “इथं तुम्ही माझं माप वाकडं केलंत. न बघितलेली गोष्ट समोर आली की ही काय करते, तेवढंच मला बघायचं होतं. ते आता या सामानावर दिसणार नाही.”

“परत घ्या ना,” बायको म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “पुढच्या आठवड्यात.”

“हीच चाचणी इतक्यात परत घेता येत नाही, बाई. घरातलं सामान फेकून दिलंत तरी ते तिच्या हातात राहणार. बरेच महिने जावे लागतील.”

“माझ्याकडे महिने नाहीत.”

बाई थोडा वेळ ठोकळे गोळा करत राहिल्या. “दुसऱ्या पद्धतीनं बघते. खेळवून, नवीन गोष्टी देऊन, चार-पाच वेळा बोलावून. पक्का आकडा मिळणार नाही. जेवढं दिसेल तेवढं सांगेन. एक अट.” त्यांनी चुळबुळ्याकडे बोट केलं. “हे आत नकोत. काचेपाशीही नकोत. ती दर वेळी यांच्या तोंडाकडे बघते.”

बाहेर व्हरांड्यात बायको भिंतीला टेकून उभी राहिली. भिंगरी पायऱ्यांवरून उड्या मारत होती.

“अगं, मी तिच्या भल्यासाठीच—”

“मला खरं हवं होतं.”

“नापास झाली असती तर?”

“तर मला कळलं असतं!” ती ओरडली, आणि जाणारी येणारी माणसं वळून बघायला लागली, तरी थांबली नाही. “मागच्या वेळी मी तोंड उघडायच्या आत तुम्ही ‘द्या’ म्हणालात. मी एक शब्द बोलले नाही. पाच वर्षं बोलले नाही. आणि आता पोरीलाही तेच शिकवलंत, विचारायच्या आधी उत्तर. मला तिची काळजी नसेल का? ती कमी असती तर मी तिला टाकून दिली असती का?”

तो खिशात हात घालून उभा राहिला. खिशात एक खुंटी होती. ती त्यानं बोटांनी फिरवली, फिरवली, आणि मग तिचीही लाज वाटली.

त्या आठवड्यात त्याचा पंप पहिल्यांदा ओट्यावरून परत आला. नट इतका आवळलेला की दोरी धुरावली होती. फोरमन पंपाकडे बघत कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“हा तुझा?”

“माझा.”

“माझा विश्वास बसत नाही. तूच का रे? का तुझा कुणी भाऊ आलाय?” मग त्याचं तोंड बघून फोरमननं थट्टा आवरती घेतली. “काय झालंय?”

चुळबुळ्यानं सगळं सांगितलं. फोरमननं डोकं खाजवलं.

“तुला भीती वाटली, एवढंच ना? मग भीती वाटते म्हणायचं बायकोला. त्याला ठोकळे कशाला कापायला पाहिजेत?”

घरी जाऊन त्यानं ते सांगितलं नाही. ते त्याच्या तोंडून निघणाऱ्यातलं नव्हतं. पण ठोकळ्यांचं खोकं त्यानं बायकोसमोर उघडलं, तिला बघू दिलं, आणि मग भिंगरीकडे सोडून दिलं. भिंगरीनं त्याचे मनोरे रचले नाहीत. तिनं ते पलंगाखाली एकामागे एक लावले आणि त्याला साप म्हणाली.

चाचणीच्या बाईंकडे पुढचे सगळे फेरे बायकोनं केले. तो कधी कधी सोबत जायचा आणि इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभा राहायचा. आत काय चाललंय हे कळायचं नाही. फाटकाच्या बिजागरीला तेल नव्हतं, ती प्रत्येक गाडीला किंचाळायची. तेल आणावं असं त्याला दर वेळी वाटायचं. तो येरझाऱ्या घालायचा. चहावाला म्हणायचा, “बसा की साहेब, रस्ता झिजेल.” त्याला बसवत नसे. कारखान्यात निदान हाताला काही असायचं. इथं नुसता जीव टांगणीला.

शेवटच्या फेरीला बाईंनी त्यालाही आत बोलावलं. त्या थोडक्यात बोलल्या.

“बोलणं वयाला शोभेल असं आहे. लक्षात चांगलं राहतं. ते तुम्ही दाखवूनच दिलंत. अडतं ते एका गोष्टीवरून दुसरीवर जाताना. खेळाचा नियम बदलला की ती गोंधळते, जुनंच करत राहते किंवा उठून पळते. लक्ष टिकत नाही. मोठं काही नाही, पण आहे. शाळेत मदत लागेल. आत्तापासून दिली तर बरंच साधेल.”

“गोळ्यांनी?” बायकोनं विचारलं.

“सांगता येत नाही. गोळ्यांनी असेल. आधी आली, लहान आली, त्यानं असेल. पोटात असताना हृदय नीट चालत नव्हतं, त्यानं असेल. तुमच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचाही हात असेल. आणि,” त्यांनी चुळबुळ्याच्या हलणाऱ्या गुडघ्याकडे बघितलं, “घराण्यातूनही आलं असेल. एकाच मुलात हे वेगळं करता येत नाही. कुणी करून दाखवतो म्हणालं तर ऐकू नका.”

चुळबुळ्यानं गुडघ्यावर हात ठेवला. बायको मात्र बाहेर आली ती वेगळीच. चेहरा उतरलेला होता, पण खांदे खाली आले होते. “एवढंच आहे,” ती म्हणाली. मग परत, “आहे, पण एवढंच आहे.” त्याला कळेना, ही बातमी चांगली की वाईट.

सोनोग्राफी दर आठवड्याला चालू होती. दर वेळी डॉक्टरीणबाई पडद्यावर वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या ठोक्यांमधलं अंतर बघायच्या. दर वेळी म्हणायच्या, ठीक आहे. दर वेळी तो पुढच्या आठवड्याची काळजी घेऊन घरी यायचा. मग एका सकाळी त्यांनी यंत्र पोटावरून उचललं, परत टेकवलं, परत उचललं.

“अंतर वाढलंय,” त्या म्हणाल्या. “ठोके सुटत नाहीत. निरोप पोचतोय, पण रेंगाळत. काही डॉक्टर इथंच गोळी सुरू करतील. काही थांबतील, कारण काही वेळा हे आपोआप मागे जातं. दोघांकडे कारणं आहेत.”

चुळबुळ्याच्या जिभेवर शब्द आला. अगदी ओठापर्यंत. त्यानं खालचा ओठ दातांत धरला आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कुणी तरी भिंत रंगवत होतं, आणि पट्टा वाकडा जात होता. बायकोला वेळ लागत होता. इतका वेळ लागू शकतो हे त्याला माहीतच नव्हतं, कारण त्यानं तिला कधी तो दिलाच नव्हता.

“रोज येऊन बघितलं तर चालेल?” ती शेवटी म्हणाली.

“चालेल. मी म्हणणारच होते.”

“मग रोज येते. ठोका सुटला तर त्याच दिवशी गोळी. तोवर नाही.” ती पोटावरची जेली पुसत होती, पण आवाज ठाम होता. “मोठी कशी आहे मला आता माहितेय. दुसरंही तसं झालं तरी सांभाळीन. मरण्यापेक्षा ते बरं. पण गरज नसताना नाही देणार.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मग बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. “तुमचं काय म्हणणं?”

“मला भीती वाटते,” तो म्हणाला. दुसरं काही त्याला सुचलंच नाही.

“मलाही,” ती म्हणाली.

तिनं इस्त्रीच्या कामावरून सुट्टी काढली. रोज बस धरून जायचं, पोट उघडं टाकून पडायचं, श्वास रोखायचा. एक दिवस अंतर तेवढंच. दुसऱ्या दिवशी किंचित कमी, आणि त्या दिवशी दोघं परतताना जरा मोकळेपणानं बोलली. मग ज्या दिवशी भिंगरीची शाळा बंद होती आणि तिलाही सोबत न्यावं लागलं, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आवाज मोठा केला. सगळ्यांनाच ऐकू आलं. ठक ठक, ठक ठक, आणि मध्ये एक रिकामी जागा. मग पुन्हा ठक ठक.

“बाळ थांबलं?” भिंगरीनं विचारलं.

“नाही गं. चालतंय.” बायको उठून बसली. तिनं कुणाकडे बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “लिहून द्या.”

पहिली गोळी तिनं औषधाच्या खिडकीसमोरच घेतली, रांगेतल्या माणसांदेखत, उभ्यानं. गोळी लहान होती. मागच्या वेळी ती घेताना रडली होती. आज तिनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि साखर कधी तपासायची ते परत एकदा विचारून घेतलं.

बाहेर बस लागलेली होती. भिंगरीच्या बुटाचा पट्टा सुटला होता. ती पायरीवर बसून लावायला लागली. पट्टा बक्कलातून एकदा चुकला. तिनं बूटच काढला, आत बघितलं, उलटा करून झटकला, फाटकाच्या किंचाळण्याकडे मान वळवली, मग परत बुटाकडे आली. चुळबुळ्याचे हात पुढे झाले. त्यानं ते मागे घेऊन पाठीशी एकमेकांत गुंतवले. बसचा वाहक हात दाखवत होता.

“मी करते,” भिंगरी म्हणाली, कुणी काही विचारलं नसताना.

“कर.”

पट्टा परत चुकला. ती उठली, एका बुटावर दोन पावलं पळाली आणि परत येऊन बसली. बस धूर सोडत निघाली. चुळबुळ्या बसकडे बघत राहिला, मग बायकोकडे, मग पोरीच्या बोटांकडे. त्याच्या कानशिलावर घाम आला होता.

“जाऊ दे,” बायको म्हणाली आणि पायरीवर पोरीशेजारी टेकली. “पुढची धरू.”